ओएसिसच्या सीडी सिंगल्स: धुण्यापासून ऐकण्यापर्यंत (प्रकल्प नोंदी, बडोदा)

१० नोव्हेंबर २०२४

सयाजीगंजातल्या एका घरातून क्रेटभर सीडी आल्या आहेत. ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी तळमजल्यात शिरलं तेव्हा क्रेट फडताळाच्या खालच्या कप्प्यात होता. घरच्यांनी सप्टेंबरातच नळाखाली धरून बराचसा गाळ काढला आणि तबकड्या सावलीत वाळवल्या, ते फार बरं केलं. पुराचा गाळ सुकून कडक झाला की त्यातला रेतीचा कण पुसताना पॉलिश पेपरसारखा घासतो.

क्रेटमधले अल्बम बाहेर कुठेही मिळतील, ते बाजूला ठेवले. काम करायचं आहे ते ओएसिस या ब्रिटिश रॉक बँडच्या सीडी सिंगल्सवर, म्हणजे एक मुख्य गाणं आणि सोबत दोन-तीन इतर गाणी असलेल्या सीडींवर. सगळ्या ब्रिटिश प्रती, क्रिएशन रेकॉर्ड्सच्या, काहींवर लेस्टरच्या दुकानाचे किमतीचे स्टिकर अजून चिकटलेले. १९९४ च्या 'सुपरसॉनिक'पासून १९९७ च्या 'डू यू नो व्हॉट आय मीन?'पर्यंतची रांग जवळजवळ पूर्ण आहे.

एवढा खटाटोप का, ते आधी लिहून ठेवतो. नव्वदीत आपल्याकडे ओएसिस पोचला तो कॅसेटवरच्या अल्बममधून आणि टीव्हीवरच्या 'वंडरवॉल'मधून. सिंगल हा प्रकार इथे रुळलाच नाही. पण बँडचा गिटारवादक आणि गीतकार नोएल गॅलघरनं १९९४ ते १९९६ या काळात जे लिहिलं त्यातलं बरंचसं सिंगलवरच्या दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या गाण्याच्या जागी गेलं आहे. अल्बमपुरता ज्यांना हा बँड आवडला आणि पुढे सुटला, त्यांनी तो निम्माच ऐकला. २७ ऑगस्टला, इकडे शहर पाण्यात असताना, नोएल आणि त्याचा गायक भाऊ लियम पुन्हा एकत्र येणार अशी घोषणा झाली. २००९ च्या ऑगस्टात पॅरिसमध्ये तुटलेला बँड पुढच्या जुलैत कार्डिफपासून दौरा सुरू करणार आहे. तेव्हापासून सगळीकडे तीच पाच-सहा गाणी वाजताहेत. या क्रेटमध्ये बाकीची आहेत.

ठरवलेला नियम एकच: प्रत्येक सिंगल संगणकावर सिंगल म्हणूनच उतरवायची. तीच गाणी, तोच क्रम, तीच आवृत्ती, तेच कव्हर.

१२ नोव्हेंबर

धुण्याआधी तपासणी. प्रत्येक तबकडी खिडकीकडे धरून लेबलच्या बाजूनं पाहिली. प्रकाशाचे टाचणीएवढे ठिपके दिसले तर तिथला ॲल्युमिनियमचा थर गेला आहे. दोन-चार ठिपके चालतात. कडेकडून आत सरकणारा पारदर्शक डाग चालत नाही: लाखेच्या थरात कडेला फट असली की पाणी आत जातं, ॲल्युमिनियमचं ऑक्सिडीकरण होतं आणि ते थांबवता येत नाही. अशा तबकड्या आधी उतरवायच्या, बाकीच्या मागून.

सीडीची खरी नाजूक बाजू लेबलची असते. खालच्या बाजूला १.२ मिमी पॉलिकार्बोनेट आहे, त्यावरचा ओरखडा पॉलिश करून निघू शकतो. वरच्या बाजूला धातूचा थर आणि हाताच्या मध्ये फक्त पातळ लाख आणि शाई असते. तिथला खोल ओरखडा म्हणजे गाणं गेलं.

सिंगलच्या बाबतीत एक मोठा फायदा आहे आणि तो फारसा कोणी लक्षात घेत नाही. सीडीचं लिखाण आतून बाहेर जातं. ७४ मिनिटांची सीडी केंद्रापासून २५ मिमीवर सुरू होऊन ५८ मिमीपर्यंत भरते. १९ मिनिटांच्या सिंगलमधलं संगीत साधारण ३७ मिमीच्या आसपासच संपतं. तिरप्या उजेडात तिथे रंगछटा बदलणारं वर्तुळ स्पष्ट दिसतं. बोटांचे ठसे, क्रेटमधले घर्षणाचे चट्टे, कडेचे टवके हे बहुतेक त्या वर्तुळाबाहेर असतात. त्यामुळे दिसायला भयंकर असलेल्या प्रती टाकून द्यायच्या नाहीत. आतलं वर्तुळ स्वच्छ आहे का, एवढं पाहायचं.

१९८८ ते १९९३ दरम्यान इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यात निघालेल्या काही सीडी तांबूस पडून निकामी होतात. या सिंगल्स १९९४ पासूनच्या असल्यानं तो धोका नाही. तरी क्रेटमधले जुने अल्बम त्या नजरेनं पाहून घेतले.

१६ नोव्हेंबर

धुणं. लागलेलं सामान: पाच लिटर डिस्टिल्ड पाणी (बॅटरीत घालायचं मिळतं ते चालतं, फक्त सीलबंद घ्यावं), रंग आणि सुगंध नसलेला भांड्यांचा सौम्य साबण, दोन उथळ टब, न वापरलेली मायक्रोफायबर फडकी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, तबकड्या उभ्या ठेवायला प्लॅस्टिकची ताटाळी.

पहिल्या टबात एक लिटर कोमट पाण्याला साबणाचे तीन-चार थेंब. तबकडी आत सोडून दहा मिनिटं तशीच ठेवायची, हात लावायचा नाही. गाळ भिजून आपोआप सुटला पाहिजे. मग पाण्यातच हलवून कण खाली पडू द्यायचे. त्यानंतरच फडकं. पाण्याचा टब दर चार-पाच तबकड्यांनंतर बदलला, कारण तळाशी बसलेली रेती पुढच्या तबकडीला लागते.

पुसण्याची दिशा मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसू नये. कारण सीडीच्या चूकदुरुस्तीत आहे. सीडीवरची माहिती लांबवर विखरून लिहिलेली असते आणि ट्रॅकच्या दिशेनं सुमारे अडीच मिमीपर्यंतचा सलग खंड यंत्र पूर्णपणे भरून काढू शकतं. मधून कडेकडे गेलेला ओरखडा प्रत्येक फेऱ्याला आडवा छेदतो, दर फेऱ्यात केसाएवढाच भाग जातो. गोलाकार ओरखडा ट्रॅकच्या बरोबरीनं धावतो आणि सेंटीमीटरभर सलग माहिती खातो. तो दिसायला बारीक असला तरी जास्त घातक.

शेवटी स्वच्छ डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ताटाळीत उभ्या. नळाच्या पाण्यानं शेवटची धुणी केली तर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. हेअर ड्रायर आणि ऊन दोन्ही टाळले.

किमतीचे स्टिकर खोक्यांवरचे असले तर अल्कोहोलनं निघतात. तबकडीच्या लेबल बाजूला अल्कोहोल लावायचं नाही, शाई उतरते. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल यांपैकी काहीही पॉलिकार्बोनेटला लागता कामा नये, क्षणात धुरकट होतं. टूथपेस्टचा सल्ला सगळीकडे मिळतो. तीत घासणाऱ्या कणांचा आकार ठरलेला नसतो, त्यामुळे एक खोल ओरखडा जाऊन शंभर बारीक येतात. खरंच गरज पडली तर प्लॅस्टिकसाठीचं बारीक पॉलिश, आणि तेही उतरवण्याचा एक प्रयत्न करून झाल्यावर.

१७ नोव्हेंबर

कागद. पातळ खोक्यातल्या सिंगलला पुस्तिका नसते, कण्यावर दुमडलेली एक इनले असते. गुळगुळीत लेपाचा कागद भिजून दुसऱ्या कागदाला चिकटला आणि तसाच वाळला की लेप एकजीव होतो. कोरडं ओढलं तर चित्र सोलून निघतं. दोन इनले अशा चिकटल्या होत्या. त्या स्वच्छ पाण्यात तरंगत ठेवून, कडेनं पातळ पॉलिस्टर फिल्मची पट्टी हळूहळू सरकवत सोडवल्या. एक पूर्ण सुटली, दुसरीचा कोपरा गेला. ओल्या इनले सिलिकॉन लेपाच्या बेकिंग पेपरमध्ये ठेवून, वर-खाली टीपकागद, त्यावर काच आणि दोन जाड पुस्तकं. टीपकागद सकाळ-संध्याकाळ बदलायचे. साधं वर्तमानपत्र वापरू नये, शाई उठते.

२३ नोव्हेंबर

ड्राइव्ह. लॅपटॉपबरोबर मिळणारे पातळ ड्राइव्ह चांगल्या तबकडीला पुरतात, ओरखड्यांवर हार मानतात. त्यांची लेन्सयंत्रणा हलकी असते आणि डगमगणारी तबकडी त्या नीट धरत नाहीत. म्हणून डेस्कटॉपमधले जुने साटा डीव्हीडी रायटर घेतले, दोन वेगळ्या बनावटीचे. एकाला न वाचता आलेला भाग दुसरा बरेचदा वाचतो.

साटा-यूएसबी केबल घेताना एक गोष्ट बघावी. हार्डडिस्कसाठीच्या स्वस्त केबल फक्त ५ व्होल्ट देतात. डेस्कटॉप ड्राइव्हच्या मोटरला १२ व्होल्टही लागतात. ५ व्होल्टवर दिवा लागतो, संगणकाला ड्राइव्ह दिसतो, पण ट्रे उघडत नाही किंवा तबकडी फिरून थांबते, आणि दोष ड्राइव्हचा वाटतो. वेगळा अडॅप्टर असलेलीच केबल घ्यावी.

ट्रे अडकत असेल तर बहुधा आतला रबरी पट्टा कडक झालेला असतो. गरम पाण्यात बुडवला की काही आठवडे चालतो, पण बदललेला बरा. लेन्सवर अल्कोहोलनं ओलसर केलेली कापसाची काडी, दाब न देता, एकदाच.

२४ नोव्हेंबर

सॉफ्टवेअर: विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, लिनक्सवर व्हिपर. दोन्ही चालवून पाहिली, निकाल एकच येतो. काम विंडोजवर केलं, कारण दुरुस्तीसाठीचं क्यूटूल्स तिथे सोपं पडतं.

सेटिंग: सिक्युअर मोड, म्हणजे शंका आली की तोच भाग पुन्हा वाचायचा. ड्राइव्ह कॅश करतो (आधी वाचलेलं साठवून तेच परत देतो) असं मानायचं. सी-टू त्रुटीसंकेत बंद, कारण बरेच ड्राइव्ह ते अर्धवट सांगतात. टेस्ट आणि कॉपी अशी दोन वाचनं, दोन्हींची बेरीज (सगळ्या माहितीवरून काढलेला ताळ्याचा आकडा) जुळली पाहिजे.

मग ऑफसेट. प्रत्येक ड्राइव्ह ऑडिओ वाचायला ठरावीक नमुने (आवाजाची एकेक मोजणी) आधी किंवा उशिरा सुरुवात करतो. आपल्या एका ड्राइव्हचा ऑफसेट अधिक ६ आहे, दुसऱ्याचा अधिक ६६७. सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे सहा नमुन्यांचा फरक कानाला शून्य आणि ६६७ म्हणजे १५ मिलिसेकंद. ऐकताना कशानंच बिघडत नाही. पण ॲक्युरेटरिपच्या साठ्यात जगभरच्या लोकांच्या बेरजा ठेवलेल्या आहेत, आणि त्यांच्याशी जुळवायचं तर एक नमुनाही सरकलेला चालत नाही. साठ्यात असलेला कोणताही लोकप्रिय अल्बम टाकला की ऑफसेट आपोआप कळतो.

३० नोव्हेंबर

पहिली सिंगल: 'सम माइट से', क्रिएशन क्रमांक २०४, प्रकाशन २४ एप्रिल १९९५. दोन्ही ड्राइव्हवर एकही पुनर्वाचन न होता उतरली. चारही गाणी ॲक्युरेटरिपशी जुळली. मूळ आकार सुमारे २०० एमबी. फ्लॅक (काहीही न गमावता आकार घटवणारा फाइलप्रकार) केल्यावर घट फार होत नाही, कारण दाट गिटारचा सलग आवाज कमी दाबला जातो. 'टॉक टुनाइट' मात्र बरीच लहान झाली.

आतल्या कड्यावर कोरलेली अक्षरं भिंगाखाली वाचून नोंदली. १९९४ पासून सीडीवर आयएफपीआयचे (ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या जागतिक संघटनेचे) दोन संकेत यायला लागले, एक मास्टरिंगच्या ठिकाणाचा, एक साच्याचा. पुढे दुसरी प्रत शोधायची वेळ आली तर ती त्याच दाबणीची आहे की नाही, ते यावरून ठरतं.

आता ऐकण्याबद्दल, कारण सगळं त्यासाठी आहे.

'सुपरसॉनिक' ब्रिटनच्या खपाच्या यादीत ३१ वर गेली, 'शेकरमेकर' ११, 'लिव्ह फॉरेव्हर' १०, 'सिगरेट्स अँड अल्कोहोल' ७, 'व्हॉटेव्हर' ३, आणि ही १. एका वर्षाच्या आतबाहेर एवढी चढण. ढोलकाच्या खुर्चीवर टोनी मॅकॅरॉल या सिंगलपर्यंत होता. टीव्हीवर ती वाजवायला ॲलन व्हाइट आला. म्हणजे या तबकडीवर पहिला ओएसिस संपतो. मॅकॅरॉलचं वादन साधं आहे म्हणून त्याला नावं ठेवतात, पण 'सम माइट से'त तो गिटारच्या भिंतीमागे सरळ चालत राहतो आणि गाण्याला तेच हवं आहे. व्हाइट आल्यावर ठेका अधिक गोलाई घेतो. दोन्ही चांगले, पण वेगळे.

दुसरं गाणं 'टॉक टुनाइट'. नोएल एकटा, अकूस्टिक गिटार. १९९४ च्या अमेरिका दौऱ्यात तो बँड सोडून निघून गेला होता, परत आल्यावर टेक्ससमधल्या ऑस्टिनला जे ध्वनिमुद्रण झालं त्यातलं हे. 'सम माइट से'च्या गोंगाटानंतर लगेच ते येतं, आणि त्या जागी आल्यामुळेच ते इतकं उघडं वाटतं. संकलनात किंवा यादीत सुटं ऐकलं तर एक छान हळवं गाणं, एवढंच.

तिसरं 'अ‍ॅक्विएस'. कडवी लियमची, धृपद नोएलचं. लियम खालच्या बाजूला खरखरीत आवाजात ओढत आणतो, आणि धृपदाला आवाज वर चढतो तेव्हा भाऊ बदललेला असतो. ओएसिसबद्दल जे काही लिहिलं-बोललं जातं, भांडणं, फाटाफूट, पुन्हा जुळणं, ते सगळं या गाण्याच्या बांधणीत ऐकू येतं. दोघांना एकमेकांवाचून हे गाणं गाता येत नाही. आणि हे गाणं त्यांनी तिसऱ्या क्रमांकावर ठेवलं! शेवटी 'हेडश्रिंकर', सगळ्यात घाईचं आणि कच्चं. जेमतेम १९ मिनिटांत बँडच्या चार तऱ्हा दिसतात. कोणाला ओएसिस पुन्हा सुरुवातीपासून ऐकायचा असेल तर अल्बम नव्हे, ही तबकडी द्यावी असं आमचं ठाम मत झालं आहे.

७ डिसेंबर

'सिगरेट्स अँड अल्कोहोल', 'व्हॉटेव्हर', 'रोल विथ इट', 'वंडरवॉल' आणि 'डोन्ट लुक बॅक इन अँगर' उतरल्या. सगळ्या स्वच्छ.

संकलनाशी ताडून पाहिलं. २ नोव्हेंबर १९९८ ला 'द मास्टरप्लॅन' नावानं १४ गाण्यांचं संकलन निघालं, त्यामुळे सिंगल्सची गरज संपली असं सर्रास मानतात. तसं नाही. एक तर बरंच बाहेर राहिलं: 'राउंड आर वे', 'स्टेप आउट', 'टेक मी अवे', 'क्लाउडबर्स्ट', 'इट्स बेटर पीपल', 'कोलंबिया'चा सुरुवातीचा डेमो. आणि जे आत आलं तेही सगळं जसंच्या तसं नाही. 'आय ॲम द वॉलरस'ची थेट आवृत्ती सिंगलवर आठ मिनिटांवर जाते, संकलनात साडेसहाच्या आत आटोपते. 'लिसन अप'मधला गिटारचा एकल भाग संकलनात छोटा केला आहे.

ताडण्याची रीत: दोन्ही फाइली ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक. पहिल्या ढोलकाच्या ठोक्यावर नमुन्यापर्यंत झूम करून एक फाइल सरकवायची. मग एकीची कला (फेज) उलटवून दोन्ही मिसळायच्या. मास्टर, म्हणजे प्रती काढण्यासाठीचं अंतिम मुद्रण, एकच असेल तर जवळजवळ शांतता उरते आणि काप पडलेल्या जागी अचानक गाणं उसळतं. मास्टर वेगळा असेल तर शांतता मिळत नाही, तेव्हा लहरींची चित्रं डोळ्यांनी जुळवत जावी लागतात. २०१४ च्या पुनर्मास्टर केलेल्या आवृत्त्यांशी ताडताना हेच होतं.

'लिसन अप' मूळ लांबीत ऐकावं. तो एकल भाग काही कसरतीचा नाही, एकाच कल्पनेभोवती फिरतो. पण गाणं ज्या एकटेपणाबद्दल आहे त्याला ती लांबी हवी आहे. कापल्यावर तो फक्त मधला भाग होतो.

१४ डिसेंबर

अडलेल्या प्रती.

'शेकरमेकर' तिसऱ्या गाण्यावर, 'अलाइव्ह'च्या डेमोवर, अडकली. पुनर्वाचनं सुरू झाली आणि दोन वाचनांची बेरीज जुळेना. पहिला उपाय: वेग चौपटीवर आणणं. दुसरा: दुसरा ड्राइव्ह. त्यानं दोन गाणी स्वच्छ केली, एका जागी तरीही संशय राहिला. तिसरा: क्यूटूल्सचा साठा. त्यात फक्त बेरजा नसतात, चूक भरून काढता येईल इतकी थोडी जादा माहितीही असते. नुकसान मर्यादेत असेल तर ती वापरून फाइल दुरुस्त होते, आणि दुरुस्तीनंतरची बेरीज इतरांच्या प्रतींशी जुळते. इथे जुळली. कोणत्या सेकंदाला दुरुस्ती झाली ते लॉगमध्ये (उतरवण्याच्या नोंदीत) ठेवलं आहे. दुरुस्त फाइल आणि सरळ उतरलेली फाइल यांत फरक दिसला पाहिजे.

'लिव्ह फॉरेव्हर'ची गोष्ट वेगळी. लेबलवर ओरखडा, आतल्या वर्तुळातच, आणि प्रकाशाला धरल्यावर रेघ आरपार. पहिली दोन गाणी गेली. इथे पॉलिशचा उपयोग नाही, कारण जिथे माहिती होती तो धातूच उरलेला नाही. सॉफ्टवेअर अशा जागी आधीच्या-नंतरच्या नमुन्यांवरून रेघ ओढून वेळ मारून नेतं आणि कानाला बारीक टिचकी ऐकू येते. अशी फाइल संग्रहात ठेवायची नाही. दुसरी प्रत शोधायची.

शोधताना क्रमांक पाहावा. ब्रिटनमध्ये क्रिएशन, युरोपात हेल्टर स्केल्टर, अमेरिकेत एपिक. युरोपात दोनच गाण्यांच्या, पुठ्ठ्याच्या पाकिटातल्या आवृत्त्याही निघत. स्वस्त मिळतात, आणि बी-साइडपैकी (मुख्य गाण्यासोबतच्या गाण्यांपैकी) अर्ध्या नसतात.

२१ डिसेंबर

आवाजाची पातळी. हे काम घाईचं वाटतं आणि इथेच सिंगलचा जीव जातो.

ओवेन मॉरिसनं ओएसिसचं जे मिश्रण केलं ते कमालीचं जोरात आहे. १९९५ चा अल्बम लहरींच्या चित्रात पाहिला तर शिखरं नाहीत, वर-खाली कापलेला पट्टा आहे. त्या काळात रेडिओवर आणि पबातल्या ज्यूकबॉक्सवर इतरांपेक्षा उठून ऐकू यावं म्हणून हे केलं जाई, आणि पुढे सगळ्या उद्योगानं तोच कित्ता गिरवला. हे चूक की बरोबर, यावर आमच्यात दोन मतं आहेत. 'सम माइट से'ला तो दाब शोभतो. 'हेडश्रिंकर'मध्ये झांजा चुरगळतात. पण फाइलमधला एकही नमुना बदलायचा नाही, यावर एकमत.

ऐकताना पातळी सारखी करायला रिप्लेगेनचे टॅग लिहिले. आकडा फाइलीच्या शिरोभागात राहतो, प्लेअर वाजवताना तेवढा आवाज कमी करतो, मूळ तसंच. यात दोन पर्याय असतात, गाण्यागणिक आणि अल्बमगणिक. सिंगलला नेहमी अल्बमगणिक, चारही गाण्यांचा एकच आकडा. गाण्यागणिक ठेवलं तर 'टॉक टुनाइट'ची एकटी गिटार 'सम माइट से'च्या बरोबरीनं कानात ओरडते आणि मघाशी सांगितलेला तो उघडेपणा नाहीसा होतो. 'व्हॉटेव्हर'वर 'हाफ द वर्ल्ड अवे'चंही तेच.

२८ डिसेंबर

टॅग. प्लेअरच्या आपोआप नावं भरणाऱ्या सोयीवर सोडलं तर 'अ‍ॅक्विएस' संकलनात जाऊन बसतं, 'व्हॉटेव्हर'ला भलतंच साल लागतं आणि एकाच नावाच्या दोन आवृत्त्या 'डुप्लिकेट' म्हणून पुसल्या जातात. म्हणून म्युझिकब्रेन्झ या संगीताच्या ऑनलाइन माहितीसाठ्यातली नेमकी आवृत्ती हातानं निवडली: देश, साल, क्रिएशनचा क्रमांक, गाण्यांच्या लांबी. तबकडीच्या विषयसूचीवरून निघणारा ओळखक्रमांक मिळाला तर निवड आपोआप पक्की होते.

फोल्डरच्या नावात आधी साल-महिना, मग सिंगलचं नाव, मग क्रमांक. फोल्डरमध्ये फ्लॅक, क्यू-शीट (गाणी कुठे सुरू होतात त्याची यादी), लॉग, कव्हरचं स्कॅन आणि आतल्या कड्यावरची अक्षरं लिहिलेली साधी मजकूर फाइल. थेट आवृत्ती, डेमो, अकूस्टिक हे शब्द गाण्याच्या नावातच हवेत. 'सुपरसॉनिक' नुसतं लिहिलं तर 'लिव्ह फॉरेव्हर'च्या चौथ्या जागेवरची थेट आवृत्ती मूळ गाण्यात हरवते.

४ जानेवारी २०२५

कव्हरचं स्कॅन. या सिंगल्सची कव्हरं ब्रायन कॅननच्या मायक्रोडॉटनं केली, छायाचित्रं मायकेल स्पेन्सर जोन्सची. 'सम माइट से'चं छायाचित्र डर्बीशायरमधल्या क्रॉमफर्ड स्थानकावरचं आहे. कव्हर हा सिंगलचा पाचवा भाग मानून स्कॅन केलं.

पुरात भिजलेला कागद पूर्ण सपाट होत नाही. सीआयएस पद्धतीच्या पातळ स्कॅनरची खोली एवढी कमी असते की काचेपासून मिलिमीटरभर उचललेला भागही धूसर येतो. सीसीडी स्कॅनर वापरला, जुना आणि जाड, आणि सुरकुत्यांसह सगळं स्पष्ट आलं. ६०० डीपीआयवर घेऊन ३०० वर आणलं, कारण छपाईच्या ठिपक्यांची जाळी थेट ३०० वर लाटांसारखे पट्टे देते. कोपरा गेलेली इनले संगणकावर भरून काढलेली नाही. आहे तशी.

१२ जानेवारी

ठेवण. तबकड्या नव्या पातळ खोक्यांत, उभ्या, मूळ इनलेसह. जुनी खोकी गाळानं घासली गेली होती, बिजागऱ्या तुटलेल्या, फेकली. पीव्हीसीची मऊ पाकिटं वापरायची नाहीत, ती कालांतरानं तबकडीला चिकटतात. पॉलिप्रोपिलीन चालतं.

जागा: पहिल्या मजल्यावर, आतल्या भिंतीचं कपाट. तळमजला अर्थातच नाही, पण गच्चीखालचा माळाही नाही. मे महिन्यात बडोद्याचं तापमान ४२ च्या वर जातं तेव्हा माळ्यावर त्याहून बरंच जास्त असतं. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक. आर्द्रता ३५ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान हवी. पावसाळ्यात पुड्या दर पंधरवड्याला ओव्हनमध्ये सुकवायच्या.

फाइलींच्या तीन प्रती: एक इथल्या हार्डडिस्कवर, एक ज्यांच्या सीडी आहेत त्यांच्याकडे, एक इंदूरच्या मित्राकडे, म्हणजे एका नदीच्या पाण्यात तिन्ही जाणार नाहीत. दर सहा महिन्यांनी फ्लॅकची स्वतःची चाचणी चालवायची. प्रत्येक फाइलीत मूळ आवाजाची बेरीज लिहिलेली असते, डिस्कवर एक बिट जरी पालटला तरी चाचणी सांगते.

उरलेलं काम: 'लिव्ह फॉरेव्हर'ची क्रिएशन क्रमांक १८५ ची प्रत, वापरलेली चालेल, आतलं वर्तुळ स्वच्छ हवं. 'डू यू नो व्हॉट आय मीन?' अजून उतरवायची आहे. तिच्यावरचं 'स्टे यंग' १९९७ च्या अल्बमवर नाही, आणि त्या अल्बमवरच्या बऱ्याच गाण्यांपेक्षा ते हलकं आणि चांगलं आहे. ती पुढच्या शनिवारी, दुसऱ्या ड्राइव्हवर.